शेंदूर आणि बोअरचं पाणी

प्रयोगशाळेत झेंडूचा वास आला की मला एमएस्सीच्या पहिल्या वर्षातली खंडेनवमी आठवते. त्या सकाळी यंत्रांना हार घातले आणि पाण्यातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर शेंदराचं स्वस्तिक मी काढलं. घरातून कॉलेजला आलेला मी पहिलाच. गावच्या बोअरचं पाणी तपासू का, हे प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारायलाच मला आठवडा लागला होता. दुपारी ते पाणी यंत्राच्या ज्योतीत गेलं आणि पडद्यावर शिसं दिसलं, तेही बरंच. धाकटी बहीण रोज तेच पाणी पीत होती. मी घाबरून घरी फोन लावायला निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "अहो संशोधक, आधी नुसतं शुद्ध पाणी लावून बघा." त्यातही शिसं निघालं! मॅडमनी माझा हात पाहिला. नखात शेंदूर होता, आणि फ्लास्क हलवताना मी बुचाऐवजी अंगठा लावत होतो. "शेंदरात शिसं असतं. पूजा यंत्राची होती, पाण्याची नाही." हात घासून, ॲसिडने धुतलेल्या फ्लास्कमध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन्ही पाण्यांत काही दिसलं नाही. मग फोन केला. "आई, आपलं पाणी चांगलं आहे." "काहून रे, त्याले काय झालं होतं?" मी चाचरत विचारलं, बहीण मारुतीचा शेंदूर लावते का? "लावते की. देवाचा आहे तो, त्यात काय राहते?" पुढच्या सुट्टीत मी त्याची पुडी आणून तपासली. शिसं होतं. आता बहीण अष्टगंध लावते, आणि त्यात काय असतं हे मला अजून पाहायचं आहे.