काकूंचा तांब्या

नाशिक रोडच्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात शेजारी एक काकू बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. आम्ही सगळे त्यांनी घरून आणलेला पाण्याचा तांब्या रंगवायचो. पण दर रविवारी तो चिंचेनं घासून यायचा आणि आमच्या मागच्या रविवारच्या छटा वाया जायच्या. सर वैतागायचे, "काकू, घासू नका हो!"

"ह्यांना लखलखीतच लागतो."

मग काकू बरेच दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा तांब्या काळवंडला होता. सर खूश झाले.

"आता पिणारंच कोणी नाही," काकू म्हणाल्या.

आम्ही डाग रंगवले. काकूंच्या कागदावर मात्र तांब्या झळाळत होता. त्याच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब होतं, आणि खिडकीत कुणीतरी पेपर वाचत बसलं होतं.

आमच्या वर्गाच्या खिडकीत बसायला जागाच नाही.