नाव-गाव ठाऊक नसलेलं गाऱ्हाणं

आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं घालताना माणसाचं नाव-गाव सांगावं लागतं. घरातला मोठा म्हणून ते काम माझं. परवा नारळ ठेवून मुलाची नोकरी, माझा गुडघा, सगळं ऐटीत सांगून झालं.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आणि ती सकाळी टीव्हीवर दिसली ती? बॉम्ब पडलेल्या घरात मुलीला शोधत होती ती?"

"अगं, तिचं नाव ठाऊक नाही, गाव नाही."

"मग आपल्या घरची म्हणून सांगा."

मी घसा खाकरला. "बा देवा महाराजा, आमच्या घरची एक बाई मुलीला शोधतेय. मुलगी जिवंत सापडू दे."

"होय महाराजा," सगळे हळूच म्हणाले.

मग बातम्या लावल्या. घरचं माणूस हरवल्यावर बसतात, तसे आम्ही न जेवता पडद्यासमोर बसून राहिलो.