पितळी मुठींच्या गाडीला रिमोट

त्या वर्षी सकाळी उठल्यावर माझी बोटं उघडत नसत. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायचे, मग हळूहळू मूठ सुटायची. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला आणि गोळ्या सुरू केल्या. मी तेव्हा पस्तिशीची. लग्न केलं नव्हतं, अंबरनाथला आई-बाबांबरोबर राहत होते. नोकरी जांभूळजवळच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात, प्रयोगशाळेत. तिकडे वेळेवर बस नसायची आणि परतीचं भाडं मिळत नाही म्हणून रिक्षावाले नाक मुरडायचे. त्यामुळे मी बाबांची गाडी चालवायचे.

बाबा कारखान्यात टूलरूमला फिटर होते. मी शाळेत असताना त्यांनी भंगारवाल्याकडून एका फार जुन्या मोटारीचा सांगाडा आणला होता. गोल मडगार्ड, बसकं छप्पर, आणि पुढचे दरवाजे उलटे. म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार समोरून उघडायचं, कपाटासारखं. इंजिन दुसऱ्या गाडीचं, सीटा तिसऱ्याच गाडीच्या. आठ-नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी राबून त्यांनी ती उभी केली. दरवाजांच्या मुठी तर त्यांनी स्वतः पितळेत घडवल्या होत्या. मुठीच्या टोकाला एक खटका, खटक्याच्या मधोमध किल्लीचं भोक. निवृत्तीनंतरही रविवारी सकाळी चिंच घेऊन ते मुठी घासत बसायचे. विहाराच्या आवारात गाडी उभी असली की लोक आधी त्या मुठींना हात लावून बघायचे. डोळे अधू झाल्यापासून बाबांनी चालवणं सोडलं होतं, पण गाडी कुणाची, असं कुणी विचारलं तर आई म्हणायची, ह्यांची थोरली लेक ती.

मी धाकटी, आणि माझ्याच्याने ती थोरली उघडेना. किल्ली फिरवायला चिमटीत जोर लागायचा आणि खटका दाबायला अंगठ्यात. मी पटाशीच्या जुन्या लाकडी मुठीत किल्ली बसवून घेतली, खटका तळहाताच्या टाचेने दाबू लागले. घरी फक्त एवढंच सांगितलं होतं की हात जरा दुखतात.

एका संध्याकाळी कुळगावच्या बाजारातून भाजी घेऊन गाडीशी आले. बोटं सुजली होती. किल्ली कशीबशी फिरली, पण खटका काही दबेना. पिशव्या खाली ठेवल्या, दोन्ही हात लावले, कोपराने दाबून पाहिलं. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला विनंती केली. त्याने एका बोटाने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गाडी तुमचीच आहे ना?"

घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्या काळी नव्या गाड्यांना रिमोट येऊ लागले होते. बटण दाबलं की टिव-टिव आवाज होऊन चारी दारं मोकळी. उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात जुन्या गाड्यांनाही तसली किट बसवून मिळत. आमच्या गाडीला ती बसवायचीच.

बाबांना सांगितलं तर त्यांनी पेपर खाली केला नाही. रिमोट टीव्हीला असतो म्हणाले. वायरी न्यायच्या तर दाराच्या खांबाला भोक पाडावं लागणार, आणि त्यांच्या गाडीला कुणी भोक पाडलेलं त्यांना चालणार नव्हतं. आईने समजावलं, त्याचा उपयोग झाला नाही. त्यांना वाटलं, प्रयोगशाळेतल्या तरुण मुलींचं बघून मला नवं खूळ लागलंय.

मी म्हटलं, "बाबा, गाडी तुमची आहे, मान्य. पण रोज मी चालवते. शनिवारी मी चार नंबरला घेऊन जाणार आहे. तुम्हाला यायचं तर या."

शनिवारी ते आले. मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसले.

पहिल्या दुकानात गाडी बघूनच नकार मिळाला. एवढा खर्च करण्यापेक्षा ही विका आणि नवी छोटी गाडी घ्या, असा सल्ला वर. दुसऱ्या दुकानाचा मालक बाबांच्याच वयाचा सिंधी गृहस्थ होता. तो गाडीभोवती दोनदा फिरला, मुठींवर हात ठेवून हसला आणि म्हणाला की किट बसेल, पण मेहनत आहे. मग स्वतःच दाराचं आतलं पॅड उघडायला बसला. थोड्या वेळाने बाबा गाडीतून उतरले, कारण त्याने एक स्क्रू तिरका धरला होता.

भोक पाडण्याआधी नुसतं चालतंय का ते बघू, असं मालक म्हणाला. म्हणून वायरी खिडकीतून तात्पुरत्या घेतल्या. कुलूप फिरवणारी छोटी मोटर दारात बसवली. त्याने बटण दाबलं, आतून 'खट' आवाज आला, कुलूप मोकळं झालं. "लो बेटी, आता तुम्ही उघडा," म्हणत त्याने रिमोट माझ्या हातात दिला.

मी बटण दाबलं. कुलूप निघालं. मग मुठीला हात घातला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की रिमोटने फक्त किल्लीचं काम संपलं होतं. खटका तर मलाच दाबायचा होता. अंगठ्याने दाबला, हलला नाही. तळहात लावला, सगळं वजन टाकलं. कळ खांद्यापर्यंत गेली. मालक आणि बाबा दोघंही बघत होते आणि मला हात मागे घेता येईना, कारण बोटं मुठीभोवती आखडली होती.

बाबांनी एकेक बोट सोडवलं. माझा हात त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन, एखादा झिजलेला पार्ट बघावा तसा.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

"आणि तू रोज जांभूळला जातेस?"

मी मान हलवली. ते मालकाकडे वळले आणि म्हणाले, "आजच्या दिवस हे काढून ठेवा. दार आपोआप उघडलं पाहिजे. त्याचं काम मी करतो, वायरिंग तुम्ही बघा."

मालकाने दुसरा उपाय सुचवला. मुठी बदलून पट्टीचे हँडल लावले तर सोपं होईल. मला वाटलं बाबा भडकतील, पण त्यांनी शांतपणे विचार केला आणि सांगितलं की पट्टी ओढायलाही बोटंच लागतात.

मग आमच्या घराची टूलरूम झाली. खिडकीच्या कट्ट्यावर पत्रा पकडायचा वाइस बसला, आईच्या पोळपाटाशेजारी कानशी आल्या. अडचण अशी होती की किटमधल्या मोटरीत कुलूप फिरवण्याइतकाच जोर होता, दाराची जुनी कडी ओढण्याइतका नव्हता. मालकाने दुसरी, मोठी मोटर मिळवली. तीही कडी अर्धवट ओढून थांबायची. बाबांनी मध्ये एक तरफ घालायची ठरवली, एक बाजू लांब, एक आखूड, म्हणजे थोड्या जोरात जास्त काम होईल. तरफेची पहिली पट्टी वाकली. दुसरी दाराच्या काचेला अडली. बाबांना बारीक काही नीट दिसत नव्हतं, म्हणून मी दोन्ही तळहातांत बॅटरी धरून शेजारी बसायचे. कुठे घासतंय ते मी बघून सांगायचे, ते कानस चालवायचे. एकदा माझ्या हातून बॅटरी पडली तर म्हणाले, दमलीस तर थांबू, पण ह्या महिन्यात हे व्हायलाच पाहिजे. तिसरी पट्टी बसली.

त्यानंतर दुकानात वेगळाच वाद झाला. बाबांचं म्हणणं, उलटं दार आहे, धावत्या गाडीत चुकून बटण दाबलं गेलं तर वाऱ्याने उचलून फेकलं जाईल. इंजिन चालू असताना रिमोट मेलेला पाहिजे. मालक म्हणाला, त्यासाठी आणखी एक रिले घालावा लागेल. रिले म्हणजे काय, ते बाबांना कळेना. तिथे त्यांचं सगळं ज्ञान संपत होतं. इंजिन सुरू होताच रिमोटची वीज तोडणाऱ्या त्या स्विचची आकृती मालकाने खडूने फरशीवर काढून दाखवली, अर्धं सिंधीत, अर्धं हिंदीत. बाबा उकिडवे बसून मराठीत प्रश्न विचारत राहिले. दोघांचं एकमेकांना किती कळलं देव जाणे, पण चहा दोनदा आला आणि शेवटी दोघंही माना डोलवत उठले. गाडीची बॅटरी उतरली तर आत जाता यावं म्हणून गाडीखालून ओढायची एक तारही बाबांनी घातली.

राहिलं होतं खांबाचं भोक. मालकाने ड्रिल हातात घेतलं आणि बाबांच्या पुढे धरलं. बाबांनी खांबावर बोट फिरवलं. तो रंग त्यांनी सात हात देऊन चढवला होता. खूण करायची पेन्सिल त्यांनी माझ्याकडे दिली, कारण बिजागरीपासून नेमकं अंतर त्यांना दिसत नव्हतं. वाकड्या बोटांनी मी फुली मारली.

"इथेच ना? बघ हं, परत भरता येणार नाही."

"इथेच, बाबा."

ते पूर्ण वजन देऊन ड्रिलवर वाकले. पत्र्याची पांढरी वळवळीत सालं त्यांच्या चपलेवर पडली. भोकाच्या कडा त्यांनी घासून गुळगुळीत केल्या, रबराची नळी बसवली, वायरी ओवल्या आणि मग बाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच आत आले आणि म्हणाले, चल, बघू.

मी दारापासून चार पावलं लांब उभी राहिले. बटण दाबायला बोटाचं पेर पुरत होतं. खट झालं, कडी सुटली, आणि स्प्रिंगच्या धक्क्याने ते जड दार हाताच्या रुंदीइतकं पुढे आलं. मी मनगट आत घालून ते सहज उघडलं. इंजिन चालू करून बटण पुन्हा पुन्हा दाबलं. दार जागचं हललं नाही. मालकाने टाळी वाजवली आणि बाबांना म्हणाला की पुढच्या खेपेला असलं काम आलं तर तुम्हालाच बोलावतो. बाबा म्हणाले, बोलवा.

येताना ते पुढे बसले. अंबरनाथ येईपर्यंत माझ्या हातांकडे बघत होते, मी गिअर कसा टाकते, स्टिअरिंग कसं धरते. मला अवघडल्यासारखं झालं. घराशी उतरताना त्यांनी विचारलं की केंद्रात दिवसभर नेमकं काय काय काम करते. मी सांगितलं: बाटल्या उघडायच्या, नळ सोडायचे, नमुने भरायचे.

सोमवारी ते तयार होऊन गाडीशी उभे. माझ्याबरोबर जांभूळला आले, आमच्या साहेबांना नमस्कार करून रीतसर परवानगी घेतली आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून राहिले. मी नमुन्याच्या बाटलीचं झाकण काढायला दोन्ही हात लावले, तसे ते उठले. बाटली मागून घेतली, झाकणाच्या खाचा नखाने चाचपल्या, खिशातून माप घ्यायची पट्टी काढली.

"असली झाकणं दिवसातून किती उघडतेस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नळाकडे वळले.