चादरीचं दुसरं टोक

तुम्ही कुणाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलंय का हो कधी? मध्येच सल्ला न देता, कुठला नवस न सुचवता? आठवून बघा. भवानी पेठेतल्या प्रभुलिंगला सव्वीस वर्षांत असं माणूस भेटलं नव्हतं.

प्रभुलिंग कारखान्यात चादरींची डिझाइनं काढतो. तीन वर्षांमागं एका सकाळी तो कामाला गेला नाही, आणि पुढचे आठ महिने खोलीबाहेर पडला नाही. त्याची आई नागम्मा विचारणाऱ्यांना सांगायची, "दुधनीला मामाकडं हाय." डॉक्टरच्या गोळ्यांनी तो सावरला, परत कामाला लागला. पण त्या आठ महिन्यांचं नाव घरात कुणी काढलं नाही. त्याला ते आईला सांगायचं होतं. तोंडानं जमेना, म्हणून त्यानं मोबाईलवर नऊ गाणी रचली आणि त्यांत अख्खं एक शहर वसवलं.

त्या शहरात प्रत्येकाच्या डोक्यात एक माग. माग माणसाच्या विचारांची चादर विणत राहतो, आणि ती भर वैशाखातही अंगावर घेऊन फिरायचं. चादर रोज वीतभर वाढते. जड झाली असं बोलून दाखवायची तिथं रीत नाही. पहिल्या गाण्यात शहराची वेस, मग बाजार, मग शाळा. चौथ्यात एक माणूस चादरीसकट विहिरीच्या काठाशी येऊन उभा राहतो.

आईआधी त्यानं ती एका दोस्ताला पाठवली, आणि पेठेतल्या शहाण्यांनी नेमकं चौथंच उचललं. ठेका होता ना त्याला. ग्रुपवर फिरलं, वरातीत वाजलं.

"काय प्रभू, विहीर कुटं पाडली?" चहाच्या गाड्यावर त्यांच्यातल्या चन्नवीरनं विचारलं आणि सगळे दात काढून हसले. त्या दातांना काय म्हणावं ते इथं छापता येत नाही.

नागम्माच्या कानावर तेवढंच गेलं. सुट्टीच्या दुपारी ती पोराचा मोबाईल पदराखाली घेऊन बसली.

"आई, दे की."

"न्हाय. विहिरीचं नाव काढलास तर बघ."

"ते चौथं हाय. नऊ गाण्यांचं एक शहर हाय ते. पहिल्यापासून ऐकलंस का?"

"ऐकून मला कळतंय व्हय तुझं शहर?"

"चादर तर कळती न्हवं?"

चादर तिला न कळून कसं चालेल? वीस वर्षं जोडीदारीण दगडाबाईसोबत ती कारखान्यात चादरींच्या घड्याच घालते. तिनं मोबाईल दिला. तीन गाणी भिंतीला टेकून ऐकली. चौथं लागलं तशी उठली.

"साकु," ती कानडीत म्हणाली. "पुरे आता."

"बस की आई. अजून पाच हायेत."

ती तोंडाला पदर लावून बसली. पाचव्यात तो माणूस काठावरून मागं फिरला, तेव्हा तिच्या तोंडावरचा पदर खाली आला. नवव्यात तो शेजारणीला म्हणतो, ही घडी मला एकट्याला घालता येत नाही, दुसरं टोक धर.

गाणं संपलं.

"एकट्यानं होतच न्हाय ती," नागम्मा म्हणाली. "दगडाबाई न्हाय आली तर माझं बी काम अडतंय." मग पदर सारखा करत, "तवा मी तुझ्या दाराबाहेर बसायची रे. आत यावं का न्हाय, कळंना."

"मला बांगड्या ऐकू यायच्या," प्रभुलिंग म्हणाला.

"चौथं परत लाव. आता उठत न्हाय."

दुसऱ्या दिवशी नळावर कुणीतरी पोराची चौकशी करताना दुधनीचा विषय काढला. "दुधनीला न्हवता," नागम्मा घागर भरत म्हणाली. "घरातच होता. आजारी होता."

तुमच्या घरातलं कुणी असं काही ऐकवायला आलं, तर चौथं तेवढं उचलून नाचू नका. पहिल्यापासून लावा. आणि मध्येच उठू नका.