पाहुण्यांना आधी कळवायचं

आक्काच्या मुलीचा ताबा मागायला आम्ही नगरच्या कोर्टात गेलो, तेव्हा पोर तीन वर्षांची होती. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. दाजी मस्कतला नोकरीला होते. सासूने आक्काला घराबाहेर काढलं आणि नात आपल्याकडे, नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याला ठेवून घेतली. आक्काला दुसरं काही नको होतं, फक्त पोर हवी होती.

बापाचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल नाही, असं न्यायाधीशांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नोटीस वकिलातीमार्फत मस्कतला जायची, दाजींच्या हाती पडून त्यांची सही यायला हवी होती. सहा-आठ महिन्यांनी पाकीट परत यायचं. वर शेरा, माणूस भेटला नाही. की पुढची तारीख.

तारखेला आम्ही पारनेरहून पहिल्या एसटीने निघायचो आणि दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसायचो. कारकून पान चघळत पुढची तारीख सांगायचा, तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. सासू पोरीला घेऊन यायची. आक्काला लेक दिसायची ती तेवढीच. आक्का डब्यात शेंगदाण्याचे लाडू न्यायची. पहिल्या वर्षी पोर धावत आली. पुढच्या वर्षी तिने लाडू घेतला आणि आजीकडे पळाली.

तिसऱ्यांदा पाकीट परत आलं तेव्हा आमचे वकील वैतागले. "नोटीस पोचायच्या वेळेलाच हा माणूस नेमका रजेवर कसा असतो?"

मी अण्णांकडे पाहिलं. माझे वडील आपल्या वहाणांकडे बघत होते.

कारण नोटीस निघाली की अण्णा मला मस्कतला दाजींना पत्र लिहायला बसवायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं, मी कॉलेजात होते. मजकूर ठरलेला असायचा: सरकारी कागद येईल, राग मानू नये. मीही मुकाट्याने लिहून टाकायचे. इतकी शिकलेली मी, पण पत्र वाचूनच दाजी रजा टाकतात हा प्रकाश माझ्या डोक्यात पडला नाही, याची आजही चीड येते.

त्या दिवशी एसटी स्टँडवर आक्का पाणी आणायला गेली तेव्हा मी अण्णांशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, "जावई हाय आपला. न सांगता असला कागद धाडला तर चार लोकांत त्याची काय आब ऱ्हाईल? पोरीला उद्या तिथंच नांदायचं हाय."

चौथं पत्र मी लिहिलं आणि चुलीत घातलं. या वेळी नोटीस दाजींना मिळाली, त्यांचं उत्तर आलं, खटला उभा राहिला. पोर आता सात वर्षांची होती.

न्यायाधीशांनी तिला जवळ बोलावून विचारलं, कोणाकडे राहणार? तिने आजीचा पदर धरला. मग आक्काकडे बोट करून त्यांनी विचारलं, "आणि ह्या कोण?"

"ती तारखेची बाई," पोर म्हणाली.

त्या दिवशी आक्काने डबा उघडलाच नाही. त्या तीन पत्रांचं तिला मी अजून सांगितलेलं नाही.