हाताची मशागत

पनवेलच्या मासळी बाजारात पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं अशी आखडलेली की मूठ वळेना. त्यात लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. आमच्या घरात हळदीच्या दिवशी तांदळाची पहिली भाकरी नवरीच्या आईनं हातावर थापायची, मग बाकीच्या बायका बसतात. जाऊबाई म्हणाल्या, "तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस? मी थापते की." मला कुणी असं बाजूला सारलं की अंगाचा तिळपापड होतो. म्हटलं, पहिली भाकरी मीच थापणार!

फिजिओथेरपिस्ट मुलगी इथलीच, कोकणी मुसलमानांच्या घरातली. ती एकेक बोट वाकवायची आणि मी "आई गं!" म्हणून कोकलायचे. ती शांतपणे म्हणायची, "आंटी, मशक्कत तर करावीच लागेल."

तो शब्द डोक्यात घर करून बसला. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर आपली मशागत त्याच अरबी शब्दातून आलेली. मूळ अर्थ कष्ट, हाल. आपल्या लोकांनी तो उचलून थेट शेतात नेला, नांगरायला नि ढेकळं फोडायला. मला वाटलं, केवढा मोठा शोध लागला! लगेच माहेरी, ओवे गावात, आईला फोन लावला. तिची सगळी हयात भातशेतीत गेलेली.

"मंग? कष्टच हाय ना तो," आई म्हणाली. "ह्यात नवीन काय? बोटं हलतात का नाय, ते सांग."

"नाही हलत."

"मंग पुस्तक ठेव नि हात चालव."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या उकडीचा गोळा मुठीत दाबत बसायचे. जमीन बिचारी निमूट नांगरून घेते, मी मात्र घर डोक्यावर घ्यायचे. हात असाच राहिला तर, या भीतीनं रडायचेही. पण गोळा खाली ठेवला नाही.

हळदीच्या दिवशी अंगणात चुली पेटल्या. मी पाण्याचा हात लावून गोळा घेतला. भाकरी अर्ध्यावर फाटली. जाऊबाईंनी हात पुढे केला. कोपऱ्यात बसलेली आई गरजली, "थापू दे तिला!" मी पीठ गोळा केलं, पुन्हा मळलं, पुन्हा थापलं. कडेला जाड, मधे पातळ अशी ती भाकरी तव्यावर पडली आणि एका बाजूनं का होईना, फुगली.

हळदीनं माखलेली लेक पहिला तुकडा मोडून म्हणाली, "जाड झालीय गं आई." आणि रडत रडत तिनं सगळी भाकरी खाल्ली.

"झाली ना मनासारखी? आता ऊठ," जाऊबाई म्हणाल्या.

मनगट ठणकत होतं. "उठते कशाला?" मी म्हटलं. "एका भाकरीत वऱ्हाड जेवतंय होय? सरका, पीठ द्या इकडे."