पेटी एक, पत्ते अनेक

पहिला प्रसंग मी पाहिलेला नाही, हे आधीच नमूद करते. तो सुनंदाकाकूंनी सांगितला, आणि त्यांच्या सांगण्यात पाहुण्यांची संख्या दरवेळी वाढते. किस्सेही न वाचलेल्या ईमेलसारखेच. एकेक येत राहतो, आपण दुर्लक्ष करतो, आणि एके दिवशी पेटी भरलेली असते.

किहीमला आमच्या शेजारी मधुकाका आणि सुनंदाकाकूंची नारळाची वाडी आहे. काका निवृत्त शिक्षक. वाडीतल्या तीन खोल्या पर्यटकांना देतात. एका शनिवारी रेवसच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेलं एक कुटुंब सामानासकट फाटकात उभं राहिलं. त्यांचा मेल आला होता, पण साड्यांच्या सेलखाली गाडला गेला होता. खोल्या मात्र भरलेल्या!

काकूंनी स्वतःची खोली रिकामी करून दिली आणि काकांना सुनावलं, "अहो, ती पेटी झाडा आधी. नाहीतर पुढच्या वेळी तुमची गादी माडाखाली!"

०

मी अलिबागला संख्याशास्त्र शिकवते, म्हणून वर्गीकरणाचं हे काम माझ्याकडे आलं. आपल्या पत्त्यात अधिकचिन्ह आणि एक शब्द जोडला की नवा पत्ता तयार होतो. टपाल जुन्याच पेटीत येतं. नियम लावून दिला की आपापल्या कप्प्यात पडतं. याला एलियस म्हणतात. मी तीन करून दिले: 'आरक्षण', 'तक्रार' आणि 'रोपं'.

"म्हणजे घर एक, दारं तीन," काका खूश झाले.

"आणि तिन्ही दारांत तुम्हीच," काकू म्हणाल्या.

०

काका प्रत्येक दारात वेगळी सही करू लागले. पुण्याच्या एका पाहुण्याने डासांबद्दल लिहिलं. 'तक्रार विभागा'ने कळवलं, "डास इथे आपल्या आधीपासून राहतात."

पाहुण्याने 'आरक्षण विभागा'कडे दाद मागितली: "तुमच्या तक्रार विभागातले गृहस्थ उद्धट आहेत. त्यांना काढून टाका."

आरक्षण विभागाचं उत्तर मी स्वतः वाचलं आहे. "आपलं म्हणणं रास्त आहे. ते निवृत्त शिक्षक असल्याने सुधारण्याची शक्यता कमी. तरी त्यांना समज देण्यात आली आहे."

"ती मी दिली," काकू म्हणाल्या.

०

'रोपं' हा पत्ता फक्त नर्सरीवाल्याला द्यायचा होता. त्यावर दुसऱ्या कुणाचं टपाल आलं, तर पत्ता कुठून फुटला हे कळलं असतं. आठवड्यात विम्याची जाहिरात आली, कुणाची तरी लग्नपत्रिका आली. काका तावातावाने नर्सरीत गेले. नर्सरीवाला शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या फाटकावरची पाटी वाचा की."

पाटीवर तिन्ही पत्ते रंगवलेले होते!

"जागा उरली होती गं," काका मला म्हणाले.

०

चौथा पत्ता म्हणूनच पाटीवर नाही. तो काकांनी मागून घेतला: 'विहीर'.

काकांचे थोरले भाऊ अण्णा तळा गावी असतात. वाटणीत वाडीतली विहीर काकांकडे आली, तेव्हापासून अण्णांनी बोलणं टाकलं. फोनही उचलत नाहीत. काकांनी अण्णांना पाठवायच्या पोस्टकार्डावर हा पत्ता लिहिला आणि खाली एवढंच: "बोलू नकोस. लिहिलंस तरी चालेल."

रोज सकाळी, आरक्षणं पाहण्याआधी, काका तो कप्पा उघडत. वर्षभराने मी शिस्तीला धरून सुचवलं, रिकामा कप्पा काढून टाकू.

"राहू दे," काका म्हणाले. "रिकामा आहे, बंद नाही."

गेल्या महिन्यात त्यात एक मेल आला. खाली नाव नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता अनोळखी, मजकूर एका ओळीचा: "रहाट अजून फिरतो का?"

काकांनी त्याच दिवशी रहाटाला तेल घातलं, फोटो काढला, पाठवला. उत्तर अजून नाही. कप्पा मात्र आता दिवसातून चारदा उघडतो.

"अण्णाच," काकू म्हणतात.

"पुरावा काय?" मी विचारलं. अण्णा ईमेल वापरतात, असं कुणीच कधी ऐकलेलं नाही.

"तुझ्या पुराव्याने कधी विहिरीचं पाणी वर आलंय का गं?"

तो पत्ता तिघांकडेच होता: काका, मी आणि ते पोस्टकार्ड. कार्ड पोस्टात टाकायला काकू गेल्या होत्या.